नळापाशी बोललेली मराठी

आज लेकाच्या मोबाइलवर ते जुनं जपानी कार्टून लागलं. त्याचं धावतं संगीत ऐकलं आणि माझे कान तापले. एकाच वर्गातली दोन पोरं दर भागात पैज लावतात आणि तोंडघशी पडतात. पाचवीत मी आणि मंजुनाथ अगदी तसेच होतो.

बेंगळुरूतल्या आमच्या शाळेच्या मैदानावर एकदा आमची शर्यत लागली. मी कार्टूनसारखी आरोळी ठोकून सुटलो आणि वळणावर आपटलो. तोंडून निघालं, "आई गं!" तिथे पडलेलं प्रत्येक पोर 'अम्मा' म्हणायचं. सगळा वर्ग खिदळला, मंजुनाथसुद्धा. घरची मराठी मी शाळेत कधी कळू दिली नव्हती.

नळावर गुडघा धूत होतो, तेवढ्यात मंजुनाथ आला. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "लई लागलं काय रे?"

म्हणजे त्याच्याही घरी मराठीच होती. माझ्यासारखीच त्यानेही ती लपवली होती, आणि आता माझ्यापुढे उघडी केली होती.

मी मान वर न करता कन्नडमध्ये म्हणालो, "एनू इल्ला." काही नाही.

पडल्याची लाज केव्हाच गेली, या उत्तराची अजून वाटते.

"सरी," मंजुनाथही कन्नडमध्येच म्हणाला. बरं. त्यानंतर शाळा संपेपर्यंत आम्ही कन्नडमध्येच भांडलो.