रजेचे नियम भजनाच्या चालीवर

हसायचं असेल तर हसा, फक्त चहा अंगावर सांडू नका. आता तुमच्यापासून काय लपवायचं? रिटायर होऊन बसलोय, पेन्शन चालू आहे, कोण काय वाकडं करणार माझं? मूर्खपणा मी जन्मभर केला. पण तो सगळा तराजूच्या एका पारड्यात टाका आणि हा एक दुसऱ्या पारड्यात. हाच जड भरेल.

मी पनवेलच्या एका सरकारी कचेरीत शिपाई होतो. जवळच्या कोन गावाहून सायकल मारत यायचो. शिक्षण विचाराल तर नववीत शाळेने मला सोडलं आणि मी शाळेला. दहावी पुढे बाहेरून बसून कशीबशी काढली, तीही बायको हात धुऊन मागे लागली म्हणून.

साहेबांच्या दाराबाहेर माझं स्टूल. त्याला पाठ नाही. टेकायला भिंत, ती पावसाळ्यात ओली. डोक्यावर बेल. ती वाजली की उठायचं, जेवताना वाजली तरी उठायचं. हाडं कुरकुरायला लागली होती. मला फक्त पाठ असलेली खुर्ची पाहिजे होती. मोठं काही मागत होतो का मी?

कॉम्प्युटर नुकते आले होते आणि त्यांच्यावर प्लास्टिकचे बुरखे घालून ठेवले होते, तेव्हाची ही गोष्ट. खात्याची परीक्षा निघाली. पास होईल तो शिपाई क्लार्क. माझ्या वयाला ही एकच संधी. नापास झालो तर स्टुलावरूनच घरी.

आमच्या कचेरीतून दोघं बसणार होतो. मी आणि मुश्ताक. मुश्ताक पनवेलच्या मोहल्ल्यातला. बाप नोकरीत असताना वारला, म्हणून त्याच्या जागी लागलेला. पोरगा गरीब स्वभावाचा, पण मला वाटायचं, डोक्याने कच्चा. दिवसभर म्हणायचा, "काका, मला काही लक्षात राहत नाही. माझं कसं होणार?"

मी म्हणायचो, "तुझं काही होणार नाही. तू चहा आण."

परीक्षेचं पुस्तक म्हणजे काय सांगू? रजेचे नियम, पगाराचे नियम, प्रवासभत्त्याचे नियम. एक वाक्य सुरू झालं की पान उलटलं तरी संपत नाही. वाचायला बसलो की तिसऱ्या ओळीला झोप.

मग मला युक्ती सुचली. गावच्या भजनी मंडळात मी जुना गडी. शंभर अभंग तोंडपाठ, कारण चालीत बसलेलं मी विसरत नाही. म्हटलं, नियमही चालीत बसवू. चुलीपुढे हिरा, म्हणजे आमची बायको, एका हाताने भाकरी थापायची आणि मांडीवरच्या पुस्तकातून एकेक ओळ वाचायची. मी ती गायची. अर्जित रजेला काकड्याची चाल, अर्धवेतनी रजेला गौळणीची. असाधारण रजा बिनपगारी असते, म्हणून तिला भैरवी. पुस्तकाला हळद लागली, पीठ लागलं, पण नियम डोक्यात जायला लागले.

एक अडचण होती. नियमांचे नंबर काही केल्या चालीत बसेनात. ते गाळले. नंबराला कोण विचारतंय?

या तयारीसाठी मी रजा घेतली. होती ती सगळी घेतली. रजेचे नियम पाठ करण्यात माझी रजा संपली.

हिरा म्हणायची, "अवो, येवढी रजा पुस्तकात हाय, मंग तुमी आजारी पडलाव तवा सायेब देत का नव्हता?"

"वाच तू."

"वाचतंय. पन कदी आलंदीला जायाला मिलाली नाय, ती कुटली रजा?"

आता मूळ मुद्द्यावर येतो. परीक्षेच्या आधी आमच्या मोठ्या भाऊसाहेबांनी, म्हणजे हेडक्लार्कने, मला टेबलाशी बोलावलं. दातात काडी घालून हसत म्हणाले, "काका, पुस्तक घेऊन जायला विसरू नका हां. पेपर पुस्तकासह आहे."

मी काय समजलो? हा माणूस माझी थट्टा करतो. कारण मी दहावीच्या परीक्षांना भरारी पथकाबरोबर फिरलेला शिपाई. पोरांच्या मोज्यांतून, चपलांतून, एकदा तर डब्यातल्या पोळीतून मी कॉपी काढलेली. परीक्षेत पुस्तक न्यायला सांगतो? मला?

मी म्हटलं, "भाऊसाहेब, तुम्ही तसे पास झाला असाल. मी नाही होणार."

त्यांनी काडी दुसऱ्या बाजूला घेतली. "बरं. तुमची मर्जी."

प्रवेशपत्रावर छापलेलं होतं म्हणे. असेल. मी नाव बघितलं, फोटो बघितला, घडी घातली.

परीक्षा अलिबागला, एका शाळेत. एसटीत बसल्यावर डब्यासाठी पिशवीत हात घातला तर हाताला पुस्तक लागलं. हिराने घातलेलं. माझ्या अंगाला घाम फुटला. गेटवर झडती झाली असती तर? या वयात कॉपीच्या केसमध्ये? अख्खा प्रवास मी पिशवीवर बसून काढला.

शाळेच्या गेटवर मुश्ताक उभा. डोळ्यांत पाणी.

"काय रे, काय झालं?"

"काका, माझं पुस्तक दुसऱ्याचं होतं. आज त्याने परत घेतलं, त्यालाही पेपर आहे. माझ्याकडे पुस्तकच नाही. मी संपलो."

मला वाटलं, पोराला आत जाण्याआधी वाचायचंय. माझ्या गळ्यातली धोंड उतरवायला याहून चांगली संधी कुठली? पुस्तक काढून त्याच्या हातात कोंबलं.

"घे. ठेवून टाक तुझ्याकडेच."

त्याने विचारलं, "आणि तुम्ही?"

मी कपाळावर बोट ठेवलं. "माझं सगळं इथं आहे."

त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. "काका, अल्ला तुमचं भलं करो. असं कुणी करत नाही."

खरंच कुणी करत नाही. ते मला पुढच्या अर्ध्या तासात कळलं.

पेपर मिळाला. मी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं, डोळे उघडले आणि बघतो तर शेजारच्या बाकावर मुश्ताक पुस्तक उघडून बसलेला. माझंच पुस्तक. राजरोस. माझ्या अंगातला भरारी पथकवाला जागा झाला. मी ताडकन उभा राहिलो.

"बाई, इकडे या. हा पोरगा कॉपी करतोय."

मागून कुणीतरी फिस्कन हसलं. मी मागे वळून पाहिलं. प्रत्येक बाकावर पुस्तक. एकाकडे तर तीन.

सुपरवायझर बाई आल्या. "काका, तुमचं पुस्तक कुठे आहे?"

"मी चोर नाही, बाई."

"अहो, पेपर पुस्तकासह आहे. पुस्तकात बघूनच लिहायचंय. नियमाच्या नंबरासकट."

माझ्या तोंडातून एकच वाक्य निघालं, "ते जे पुस्तक त्याच्याकडे आहे ना, ते माझं आहे."

"आत्ता तर म्हणालात, तो कॉपी करतोय."

"तो कॉपी करतोय, पण पुस्तक माझं आहे."

आता सगळा वर्ग हसायला लागला. बिचारा मुश्ताक उभा राहिला. "मॅडम, खरं आहे. काकांचंच आहे. त्यांना द्या." आणि पुस्तक पुढे केलं.

बाई म्हणाल्या, "एका पुस्तकावर दोघं बसणार नाहीत. अदलाबदल चालणार नाही. कोण वापरणार ते ठरवा आणि मला बाकीचा वर्ग बघू द्या."

घ्यायचं ना पुस्तक? हात लांब करायचा, घ्यायचं. माझंच होतं. हळद माझ्या घरची होती. पण सगळे बघत होते. म्हाताऱ्याची जिरली, असं सगळ्यांच्या तोंडावर लिहिलेलं. माझं टाळकं सरकलं.

"मला नको," मी म्हटलं. "मला पाठ आहे."

आणि बसलो.

पहिला प्रश्न, एका कर्मचाऱ्याला अमुक परिस्थितीत कोणती रजा मिळेल, नियमाचा नंबर देऊन लिहा. रजा मला माहीत होती. नंबर कुठून आणू? म्हटलं, निदान नियम तरी लिहू. पण चालीतलं मधूनच आठवत नाही हो, ध्रुपदापासून यावं लागतं. मी हळूच गुणगुणायला लागलो. बोटं आपोआप बाकावर ताल धरायला लागली. बाई दोनदा येऊन "शांतता ठेवा" म्हणाल्या. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा मी नेमका भैरवीत होतो. मला उठवून भिंतीकडे तोंड करून बसवलं. मागच्या बाकावरचा म्हणाला, "काका, पुढचं कडवं होऊ द्या."

रात्री हिराने विचारलं, "पुस्तक उपेगी पडला ना? मीच घातलेला."

"पडलं," मी म्हटलं. "जेवायला वाढ."

निकाल लागला. मुश्ताक पास, मी नापास. खुर्चीवर बसायच्या पहिल्या दिवशी तो पेढे आणि पुस्तक घेऊन माझ्या स्टुलाशी आला. म्हणाला, "काका, जिथं हळदीचा डाग होता ना, त्याच पानावरचा प्रश्न आला होता."

मी पेढा तोंडात टाकला, म्हणजे बोलावं लागणार नाही.

तेवढ्यात बेल वाजली. सवयीने आम्ही दोघंही साहेबांच्या दाराकडे निघालो. दोन पावलं गेल्यावर मुश्ताकच्या लक्षात आलं. तो ओशाळला, आणि जाऊन खुर्चीत बसला. पाठ टेकून. मी आत गेलो.

साहेब म्हणाले, "आपल्या नव्या क्लार्कसाठी चहा सांगा."

टपरीवर जाताना अर्जित रजेचा नियम डोक्यात आपोआप वाजत होता, काकड्याच्या चालीवर, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक शब्द चुकत नव्हता.

"दोन कटिंग दे," मी टपरीवाल्याला सांगितलं.

"दोन? कुणाला?"

"एक नव्या भाऊसाहेबांना. एक गाढवाला."

तो इकडेतिकडे बघायला लागला. "गाढव कुठाय?"

म्हटलं, "आधी त्याचा चहा ओत. साखर जास्त टाक. उभ्यानेच पिऊन जाईल ते."