सुरेशच्या तक्रारीवरचे तारे

“पांड्या, तू गाडी घेतलीस? तुझ्याकडे सायकल तरी आहे का रे?”

डिलाईल रोडच्या आमच्या चाळीच्या गॅलरीतून सुरेश ओरडत होता. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हाताच्या थापा कठड्यावर. रविवारची सकाळ. खाली कॅरमभोवती मंडळाची पोरं माना खाली घालून उभी, आणि मी त्यांच्यातच — सगळ्यांच्या मागे.

हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. बायकोलाही नाही. आता मी आणि गप्प बसणं — कुणाला पटेल? मला उंदीर दिसला तर चाळभर वाघाची बातमी होते. परळच्या मोटारींच्या शोरूममध्ये नोकरी लागली, तेव्हा निम्मी मुंबई माझ्या सहीनं गाडीत बसते असं मी पसरवलं होतं. खरं काम काय? इंटरनेटवर गिऱ्हाइकं शिव्या घालतात, त्यांना गोड उत्तरं लिहायची. बस.

सुरेशनं गाडी घेतली ती माझ्या बढायांवर. लहानपणापासूनचा शेजारी, भिंतीला भिंत. पहिल्यांदाच गावी जाताना घाटात ब्रेकचा पेडल खाली गेला तो गेलाच — आणि मागे त्याची आई. डोंगराला घासत कशीबशी थांबवली. शोरूममध्ये खेटे घातले, तर म्हणे, नवी गाडी आहे, सवय होईल. मग त्यानं शोरूमच्या इंटरनेटवरच्या पानावर तक्रार लिहिली. शिवी एक नाही. ‘आईला पुन्हा बसवू का, एवढं नीट तपासून सांगा.’

याला काय उत्तर द्यायचं, हे मला ठाऊक नव्हतं? आमचं चुकलं, गाडी घेऊन या, तुमच्यासमोर उघडून बघतो. झालं. पण साहेब म्हणाले, कबूल केलं की अडकलो, चांगले शेरे वर आण आणि तक्रार खाली ढकल. आणि मी — कसं सांगू — पोरांना मिसळ खायला नेलं. माझी नोकरी जाईल म्हणालो, आमच्या शोरूमला पाच-पाच तारे द्या. कुणी काही वाचलंसुद्धा नाही, मोबाईल काढून माझ्या हातात दिले. मजकूर सगळा माझा. पांड्याला लाल गाडी घेऊन दिली. लग्न न झालेल्या बंड्याची बायको गाडीवर खूश केली. लिहिताना मी हसत होतो — हो, हसत होतो. आणि सुरेशची तक्रार त्या ढिगाखाली गेली.

“काय दिलं रे शोरूमवाल्यांनी?” तो वरून विचारत होता. “माझ्या आईच्या हातचं जेवलात ना, मेल्यांनो?”

पांड्यानं एकदाच माझ्याकडे पाहिलं. माझं नाव घेतलं नाही. कुणीच घेतलं नाही. त्या दिवसापासून सुरेश त्यांच्याशी बोलत नाही, गणपतीच्या मांडवातही उतरत नाही. एक शब्द माझ्या तोंडून निघाला असता, तर? निघाला का?

ओरडून घसा बसल्यावर तो खाली आला आणि मला बाजूला घेतलं. माझ्या खांद्यावर हात ठेवला — माझ्या.

“तुझं नाव यात नाही, तेवढंच बरं वाटलं. तू आत आहेस. तिथं उत्तरं लिहितो ना कोण, त्याला भेटून माझं सांगशील?”

“ते डिपार्टमेंट वेगळं आहे रे,” मी म्हणालो.