चंद्रभान सुताराचा गाडा

धामणखेडच्या चंद्रभान सुताराने जन्मात एकच काम मुद्दाम वाईट केलं, आणि गाव त्याला त्याच कामावरून ओळखत राहिलं. बाकी त्याची तिफण घ्या, वखर घ्या, गाडीचं चाक घ्या, बापाने करून घेतलेलं मुलाने वापरावं असा त्याचा हात. अकोटच्या कापसाच्या जिनांतून त्याला बोलावणं यायचं. पण चांगलं काम लक्षात ठेवण्याची गावाला कुठे सवय असते?

त्याची बायको लवकर गेली. मागे एकच मुलगी, मनकर्णा. तिला त्याने लांब दिली नाही. नाल्याच्या काठाकाठाने खाली कोसभर गेलं की हिंगणवाडी, तिथल्या सुताराच्या घरी दिली. ही सगळी खारपाणपट्ट्यातली गावं. विहिरीचं पाणी तोंडात घेतलं की मीठ, त्यात डाळ शिजत नाही आणि त्याने तहानही भागत नाही. म्हणून नाल्याला पाणी असेतो दोन्ही गावं नाल्याचंच पाणी प्यायची.

वऱ्हाड नुकतंच मध्यप्रांताला जोडलं होतं, त्या दिवसांतली गोष्ट. मनकर्णा पोटुशी होती. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तिला श्रावणात आणायचं ठरलं होतं. नेमका तेव्हाच धामणखेडात हैजा, म्हणजे पटकी, शिरला. चंद्रभानने निरोप धाडला, पोरगी सध्या तिकडेच राहू द्या. आणि आपण घरात बसून सागवानी पाळणा करायला घेतला. बायकोच्या जुन्या लुगड्याचं दुपटंही शिवून ठेवलं, वेडंवाकडं, सुताराच्या हाताने शिवावं तसं.

पाळण्याला दोऱ्या लागायच्या आत त्याचा थोरला भाऊ हैजाने गेला. भावाच्या अंगाखालच्या गोधड्या चंद्रभानने स्वतः नाल्यावर नेल्या आणि दगडावर आपटून धुतल्या. सगळेच तिथे धूत होते. प्यायचं पाणी वरच्या अंगाला भरायचं आणि धुणं खालच्या अंगाला, एवढी अक्कल गावाला होती. त्याच्याही खाली कोणी घागर बुडवतं, हे कोणाच्या मनात आलं नाही. आलं असेल तर कोणी बोललं नाही. आपली घागर स्वच्छ ना, मग झालं.

मरणं थांबेनात, तेव्हा खुशालराव पाटलांनी गाव जमवलं. त्यांचा स्वतःचा नातू आदल्या दिवशी गेला होता. ठरलं ते जुनंच: मरीमायचा गाडा काढायचा. लाकडाचा लहानसा गाडा करायचा, त्यात देवी बसवायची, खण-नारळ, बांगड्या, लिंबू ठेवायचं आणि गाडा ओढत नेऊन दुसऱ्या गावाच्या शिवेत सोडून द्यायचा. मागे वळून पाहायचं नाही. पीडा गाड्याबरोबर जाते, म्हणजे शेजाऱ्याकडे जाते. त्याने पुढच्याकडे ढकलावी. मरीमाय आपली माय, मग पलीकडच्या गावाची ती कोण, असं विचारणारा एकही धड माणूस त्या सभेत नव्हता. पश्चिमेच्या गावाने शिवेवर लाठ्या घेऊन माणसं बसवली होती. राहिली हिंगणवाडी.

चंद्रभान उठून उभा राहिला. "पाटील, तिथं माही पोरगी हाय. दिवस भरत आले तिचे."

"मले मालूम नाई का?" पाटील म्हणाले. "पन तुह्या एका पोरीसाठी गाव मरू देऊ का?"

"आपल्याच शिवेत ठेवला तं गाडा?"

"आपल्याच शिवेत ठेवाचा, तं मंग कराचा काहाले?"

गाडा करणं हे सुताराचं बलुत्याचं काम. नाही म्हणावं तर उद्या गावात राहायची सोय नाही. आणि चंद्रभानचा मरीमायवर विश्वास नव्हता असंही नाही. होता, म्हणूनच तो हादरला. गाडा हिंगणवाडीच्या शिवेत गेला की आपली पोरगी जाणार, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

त्याने गाडा केला, देखणा केला. फक्त दोन चाकांमधला आस आतून अर्ध्यावर करवतला, चिरेत मेण भरलं आणि वरून शेंदूर फासला. देवीच्या गाड्याला शेंदूर असायचाच, त्यामुळे कोणाला काही दिसलं नाही.

मंगळवारी वाजतगाजत गाडा निघाला. नाल्याकाठच्या निंबापाशी आला आणि कडकन आस मोडला. हिंगणवाडीची शीव समोर दिसत होती. पण देवी जिथे बसली तिथून तिला उचलायचं नाही, हा नेम. माणसं जागच्या जागी थिजली.

पाटील जवळ आले. "चंद्रभान, तुह्या हातचा आस मोडला कधी?"

"लाकूड कीडकं निंगालं, पाटील."

हे शेंबड्या पोरालाही पटलं नसतं. त्या दिवसापासून त्याच्याशी गाव बोलेनासं झालं. तिफणी दुरुस्तीला दुसऱ्या गावी जाऊ लागल्या. चंद्रभानला त्याचं सुखदुःख नव्हतं. पोरगी वाचली, या एका समाधानावर तो दोन वेळची भाकरी खात होता. गावातला हैजाही हळूहळू ओसरला, आणि एक दिवस हिंगणवाडीहून माणूस धावत आला, मनकर्णाला हैजा झाल्याचं सांगत.

चंद्रभान पोचला तेव्हा मनकर्णाला अंगणात घेतलं होतं. पोटातलं बाळही तिच्याबरोबरच गेलं. विहीण पार्बताबाई दाराशी बसली होती. तिचं रडून झालं होतं.

"गाडा तं आमच्या शिवेत आलाच नाई, इवाई," ती म्हणाली. "तुमी मोडला म्हनते लोक. सारं गाव तुमाले दुवा देऊन राहिलं होतं. मंग हे काहून झालं?"

चंद्रभान मनकर्णाच्या पायाशी बसला. पार्बताबाईच पुढे बोलत राहिली. "हिरीचं खारं पानी तिले उतरेच नाई. रोज सकाई नाल्यावर जाये आन पयले ओंजयभर तिथंच पेये. म्हने, माह्या बाबाच्या गावाहून येते हे पानी."

चंद्रभानने आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. भावाच्या गोधड्या आपटल्या तो दगड त्याच्या डोळ्यांपुढे आला. गाड्याला भिऊन त्याने गाडा मोडला होता. पोरीच्या ओंजळीत गेलं ते मात्र त्याने याच हातांनी धुतलेलं होतं.

त्याने गावात येऊन सांगितलं, नाल्यातली धुणी बंद करा. लोक म्हणाले, पोरीच्या दुःखाने सुताराचं डोकं फिरलं. गरज सरो, वैद्य मरो, हैजा आता गेलाच होता.

काही वर्षांनी हैजा परत आला. पाटील म्हातारे झाले होते. काठी टेकत ते चंद्रभानच्या दारी आले आणि गाडा मागितला.

"करतो," चंद्रभान म्हणाला. "पन मोठा करीन. दुखनेकऱ्यांच्या साऱ्या गोधड्या त्याच्यात घालाच्या. देवी मांगं बसली तिथंच, निंबाखाली उतरवाची, आन गाडा आपल्याच शिवेत पेटवाचा. नाल्यात कोनी एक फडकंही धुवाचं नाई."

"आपल्याच शिवेत? त्यानं पीडा कशी जाईन?"

"मांगच्या खेपेले गाडा आपल्याच शिवेत मोडला, पाटील. तरी गाव बरं झालं का नाई?"

पाटील काठी टेकत माघारी गेले आणि गोधड्या आणायची दवंडी पिटवली.

गाडा पारापाशी उभा राहिला. गोधड्या घेऊन बाया आल्या खऱ्या, पण टाकवेना कोणाच्याने. कोणाची आईच्या लुगड्याची, कोणाची गेलेल्या नवऱ्याच्या धोतराची. गोधडी म्हणजे काही नुसती चिंधी नसते. चंद्रभान घरात गेला आणि आढ्याला टांगलेला सागवानी पाळणा काढून घेऊन आला. दुपटं त्यात तसंच घडी केलेलं होतं. पाळण्याला काही रोग लागलेला नव्हता, हे सगळ्यांना माहीत होतं. त्याने तो गाड्यात सगळ्यांच्या आधी ठेवला. मग पाटलांच्या सुनेने आपली गोधडी ठेवली, आणि बाकीच्यांनी ठेवल्या.

गाडा निंबापाशी जळाला. त्या साली धामणखेडात चार माणसं दगावली, हिंगणवाडीत एकही नाही. पुढे हैजा आला की धामणखेडचा गाडा जळायचा तो धामणखेडच्याच शिवेत, आणि नाला निर्मळ खाली जायचा. लोक म्हणत, आता पाणी चांगलं आहे, चंद्रभानभाऊ, पे. तो हसायचा, आणि विहिरीवरून आपली घागर भरून आणायचा. मरेपर्यंत तो खारंच पाणी प्यायला.