पऱ्हाटी उगवलेलं दार

वडनेरच्या लोकहो, बाबांच्या जुन्या गाडीवर चाळीस वर्षं हसले, आता हे वाचा.

ग्रुपच्या नवीन मेंबरसाठी सांगतो. ऐंशीच्या दशकात बाबांनी सेकंडहँड गाडी घेतली. दारं लय खडखड वाजायची, म्हणून त्यांनी आत घरचा कापूस ठासून भरला, सरकीसकट. काचेच्या फटीतून पावसाचं पाणी आत गेलं अन् आठ दिवसांत दाराखालच्या भोकातून पऱ्हाटीचे कोंब बाहेर आले. कापूस काढून टाकावा लागला, खडखड परत आली, अन् तवापासून ती 'पऱ्हाटीवाली गाडी'.

आज सकाळी मी दाराचं आतलं कव्हर खोललं. फोमचा डबा आणला होता. हा फोम आत फवारला का फुगते अन् कडक होते. काच वर करून ठेवली, तिची खाली-वर व्हायची जागा सोडून नळी आत घातली, तेवढ्यात बाबा म्हणाले, "थांब. खालची भोकं बुजतीन. मंग पाणी कुठून जाईन?"

"मंग काय करू?"

काठी टेकत ते अंगणात गेले अन् पऱ्हाटीच्या चार काड्या घेऊन आले. "तेल लावून भोकात घाल. फोम सुकला का ओढून घेजो."

तसंच केलं. दुपारी काड्या सरकन निघाल्या, भोकं मोकळी. काचेवर बादलीभर पाणी ओतलं, सारं खालून निघून गेलं. दार लावलं, त धप्प असा एकच आवाज. खडखड गायब.

बाबांनी सात वेळा दार लावून पाह्यलं. मंग म्हणाले, "आता नाई उगवत."

तवा कोण कोण हसलं होतं, ते सगळे त्यांले अजून तोंडपाठ आहेत. संध्याकाळी चहाले कोण कोण येता? दार बाबाच लावून दाखवतीन.