हवाबंद घरमालक

बंगळूरमधल्या आमच्या येलहंक्याच्या घरातली हवा मी फेब्रुवारीत कोंडली.

त्याआधी मी सुखी माणूस होतो. तीन मजली घर, खाली आम्ही, वर भाडेकरू. कामधंदा एकच, महिन्याच्या एक तारखेला जिन्यात उभं राहून खाकरायचं! पण इमारतींतली वीज कशी वाचवावी, यावर कोरमंगलात दोन दिवसांचं शिबिर झालं. जेवण फुकट होतं, म्हणून गेलो आणि उद्योजक होऊन परत आलो. तिथं मला कळलं, की एसीची गार हवा फटींतून पळून जाते आणि आपण नुसता रस्ता गार करत बसतो. मी कार्डं छापली, फोमचे डबे आणले आणि नमुना म्हणून आधी स्वतःचंच घर बुजवलं. खिडक्यांच्या कडा, छताजवळचे झरोके, एक्झॉस्ट फॅनचं भोक, सगळं! तिसऱ्या दिवशी घरातली झुरळं बिऱ्हाड घेऊन निघून गेली. (आमच्याकडे एसी नव्हता, ही किरकोळ अडचण होती.)

"अहो, एसीच नाही तर वाचवताय काय?" बायकोनं, म्हणजे शालिनीनं विचारलं.

"तत्त्व!"

"तत्त्वाला घाम फुटलाय. पाडव्यापर्यंत एक गिऱ्हाईक आणा. नाही तर पाडव्याला मी हातोडा घेऊन झरोके फोडीन आणि तुम्ही मुकाट्यानं पुन्हा घरमालक व्हायचं."

पाडवा दोन दिवसांवर आला आणि गिऱ्हाईक सापडलं! गोविंदराव अण्णा. आमच्यासारखेच पिढ्यान्‌पिढ्या इथं मुरलेले मराठे. कोरमंगलात त्यांची चार पीजी हॉस्टेलं, प्रत्येक खोलीत एसी. आवाज असा, की त्यांनी 'नमस्कार' म्हटलं तरी समोरचा दोन पावलं मागं सरकतो.

"स्वल्प दाखव रे तुझी कमाल," अण्णा सोफ्यात रुतत म्हणाले. "एक फट सापडली तर चाललो मी."

"एक सापडली तर मिशी काढीन, अण्णा!" मी म्हणालो आणि अंगात वीरश्री संचारून बाहेरचं दारसुद्धा आतून चिकटपट्टीनं चारी बाजूंनी बंद करून टाकलं. मग उदबत्ती पेटवून खिडकीखिडकीपुढून फिरवू लागलो. फट असली की धूर तिकडं वाकतो, नसली की सरळ वर जातो. शास्त्र आहे ते!

"खिडक्यांची आरती?" शालिनी स्वयंपाकघरातून म्हणाली. "घंटा देऊ?"

धूर मात्र सरळ. रेघ मारल्यासारखा! अण्णांनी मान डोलावली, खिशातलं पेनही काढलं. आणि नेमक्या त्याच क्षणी शालिनीनं सणाच्या मसाल्यासाठी शेरभर ब्याडगी मिरच्या तापल्या कढईत ओतल्या.

पहिली शिंक अण्णांची. भिंतीवरचं कॅलेंडर पडलं. (खिळ्यासकट!)

"अगं, काय करतेस?" मी ओरडलो, म्हणजे 'अगं' ओरडलो, पुढचं सगळं खोकला होता.

"नेहमीचंच! एरवी धूर दारातून बाहेर जातो... अय्यो!" तिच्या आत्ता लक्षात आलं, की धुराला जायला जागाच नाही.

पुढच्या दोन मिनिटांत आमच्या घरात जे झालं ते लढाईत होत नाही. अण्णांचे डोळे टोमॅटोसारखे. मी दाराकडं धावलो, पट्टी निघेना. खिडकीकडं धावलो, फोम वाळून दगड झालेला. इतकं चोख काम मी जन्मात केलं नव्हतं!

"उघड रे!" अण्णा माझी कॉलर धरून. "मला चार हॉस्टेलं आहेत! दोन मुली लग्नाच्या आहेत!"

शेवटी शालिनीनंच सुरी आणली, सपासप पट्टी कापली आणि आम्ही तिघं एकमेकांवर कोसळत अंगणात पडलो. मी पडल्यापडल्याच धंदा सावरला. "पाहिलंत अण्णा? कणभर... धूर... बाहेर गेला नाही!"

तेवढ्यात जिन्यावरून दणदण पावलं वाजली. सगळ्यात वरच्या मजल्यावरचे भाडेकरू, हवाईदलातून निवृत्त झालेले कुट्टप्पा, तोंडाला ओला टॉवेल बांधून खाली येत होते. "कोण मिरच्या जाळतंय? माझी बायको गच्चीवर पळाली!"

अण्णांनी डोळे पुसले, आधी कुट्टप्पांकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"हवा बाहेर जात नाही म्हणालास. मग हे काय विमानानं वर पाठवलंस?"

माझा हात नकळत मिशीवर गेला.

"बाथरूमच्या पाइपांच्या मोकळ्या जागेतून," शालिनी पदरानं नाक पुसत म्हणाली. "वरच्यांच्या मासळीचा वास तिथूनच येतो. सहा महिने सांगतेय. यांचं लक्ष खिडक्यांच्या आरतीत."

अण्णा उठले, पँट झटकली. मी डोळे मिटले. संपला उद्योग!

"सरी, ठीक आहे," अण्णा म्हणाले. "उदबत्तीला जे कळलं नाही ते मिरचीला कळलं. अक्का, सोमवारपासून चारही हॉस्टेलांचं काम तुमचं. कढई घेऊन या." आणि करारावर धंद्याची मालक म्हणून नाव घातलं शालिनीचं!

धंदा वाचला, झरोके मात्र पाडव्याला फुटलेच. आता हॉस्टेलात शालिनी खाली मिरच्या भाजते आणि मी वरच्या खोल्यांतून फिरतो. जिथं मला ठसका लागतो तिथं खडूनं फुली मारायची, तिथं फट. परवा एका नव्या गिऱ्हाइकानं विचारलं, "मॅडम, फटी शोधायचं मशीन कुठल्या कंपनीचं?" शालिनीनं माझ्याकडं पाहून उसासा सोडला.

"माहेरच्यांनी पसंत केलं होतं," ती म्हणाली. "जुनं आहे, पण खोकतं छान!"