ओंडक्याच्या जागी

ट्रॉली खाली यायला लागली. मी ट्रॅक्टरच्या शिटावं, दोनी हातांनी लिवर वडून धरलेला, तरी बी ट्रॉली खाली यायला लागली. बोट बोट. तिच्या खाली आमचे हे. नुस्ते पाय दिसत्यात. आन् तिकडं माझी दीड वर्साची लेक वासराच्या दाव्याला बांदलेली, वरडतीया.

लिवर सोडावा तर नवरा जातोय. न्हाय सोडावा तर लेक.

आदीचं सांगते. सोलापूरच्या भाईर अण्णांच्या शेतावं आमी ऱ्हातो. अण्णा म्हंजी शेताचे मालक. हे त्यांचा ट्रॅक्टर चालवत्यात. लई जुना. ट्रॉली उचलतोय त्यो हायड्रोलिकचा जॅक दोन म्हैनं तेल गळतोय. हे म्हनले, तेल आडवनारं रबरी शील गेलंय, सोलापुरात सात रस्त्याच्या दुकानातनं नवं आनू. अण्णा म्हनले, "तेवड्यासाटी कोन जातंय? खाली शीर, आटा आवळ."

उचललेल्या ट्रॉलीखाली शिरायचं तर आदी ओंडका लावत्यात. बाबळीचा. ह्यांनीच तासलेला. त्या दिवशी ओंडका न्हवता. बंगल्यापुडं अण्णांच्या नातवाचा झोका हलत हुता, त्याच्या खांबाला त्योच टेकू दिलेला.

हे म्हनले, "अण्णा, ओंडका आनतो की."

"नातू बसलाय झोक्यावं. बायकू हाय की तुजी. तिला बसीव ओंडक्याच्या जागी."

अण्णा हसले, हे बी हसले. खोटं कशाला सांगू, मी बी हसले. भ्या वाटलं की मी हसते.

मग अण्णांनी माज्या लेकीकडं बोट केलं. "ती पायात यील. बांद दाव्याला."

मीच बांदली. माज्याच हातानं, कमरंला. गाट पक्की बगितली.

इंजान चालू, लिवर वर, तरच ट्रॉली वर. येवडंच मला सांगितलेलं. लेक खुट्ट्याभवती फिरत ऱ्हायली. फिरंल तसं दावं आकूड झालं. मग ती पडली. दावं वर सरकलं, गळ्याशी आलं. मला समदं दिसतंय. मला उटता यीना.

"अवो, भाईर या! ट्रॉली बसतीया!"

"काय आबाळ पडतंय व्हय गं?" अण्णा म्हनले. फोन कानालाच, पाट लेकीकडं. "आवळ रं तू. अजून एक आटा."

खालनं ह्यांचा आवाज, "झालंच. थांब की."

हे ट्रॉलीला भीत न्हवते. अण्णांना भीत हुते. आन् मी बी.

लेकीचं वरडनं बंद झालं.

तवा मी अण्णांकडं बगितलं. सा वर्सांत पयल्यांदा, डोळ्यात. नजर न काडता खाली ह्यांना वरडले, "भाईर या. न्हाय आला तर मी हात सोडते."

पाय हलले. हे सरपटत भाईर आले. मी लिवर सोडला, उडी टाकली. मागं ट्रॉली धाडकन बसली. तेल उडालं, अण्णांच्या पांडऱ्या कापडावं. त्यांनी शिवी घातली. सातवीपत्तूर शिकलेय, लिवता येती मला ती. पन लेक मोटी झाल्यावं वाचंल.

गाट सुटंना. दातांनी सोडली. ती जगली. गळ्यावं वळ हुता.

चार दिसांनी अण्णांचा निरोप आला, शील आनलंय, बायकूला शिटावं बसीव. खोली अण्णांची, पानी अण्णांचं. जायचं कुटं? मी गेले. पन आदी बंगल्यापुडं गेले. झोका रिकामाच हुता. टेकू वडून काडला. खांब कलला.

"ए, कुनाला इचारलंस?" अण्णा वरडले.

ओंडका डोक्यावं घेतला. सरळ ट्रॉलीकडं चालले.

आता त्यो ओंडका आमच्या खोलीत, माज्या उशाला. ट्रॉलीखाली पयला त्यो जानार, मग हे. मी त्याच्या जागी बसनार न्हाय. लेक दाव्याला बांदनार न्हाय. खोली काडून घेत्याल, घेऊ देत. भ्या वाटतंय. अजून वाटतंय. पन हसत न्हाय मी आता.

लोक मला म्हनत्यात, नवऱ्याचा जीव टांगनीला लावलास. तुमी शिटावं असता, हातात लिवर, आन् लेकीचा आवाज बंद झाला असता, तर तुमी काय केलं असतं?