चपला दाराशी

महाळुंगे पडवळच्या अलीकडे आमची कॅम्परव्हॅन वाफा सोडत बंद पडली. मी आणि बायको एकमेकांवर धुमसत बसलो असताना नारायणगावहून मोटारसायकलवर एक मिस्त्री आला. शांत माणूस, बोलणं कमी.

इंजिन पुढच्या दोन सीटांच्या मधे, म्हणजे काम आतूनच करायचं. त्यानं दारातून डोकावून गादी पाहिली, ओटा पाहिला, शेगडीवरचं सकाळचं चहाचं पातेलं पाहिलं. मग मागं सरून चपला काढल्या, दाराशी जोडीनं ठेवल्या आणि अनवाणी आत आला. आम्ही बुटांसकट गादीवर पाय पसरले होते.

"अहो, राहू द्या चपला. गाडीच तर आहे," मी म्हणालो.

"गाडी कशी, पावणं? आत चूल हाय. घर झालं न्हवं!"

तासाभरात त्यानं फुटलेला पाइप बदलला, पाणी भरलं, चपला घातल्या आणि तो गेला. बायकोनं बूट काढून दाराबाहेर ठेवले. शेजारी मीही ठेवले. भांडण कधी मिटलं, कळलं नाही.

ओझरला देवळापाशी उतरताना ध्यानात आलं. बूट तिथंच राहिले होते, घर तेवढं पुढं आलं होतं.